हातातला करंट

माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत तो राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यापाशी पत्र्याची एक पाटी लागली. "अंग चोळून मिळेल. ऊर्जा दिली जाईल." एवढंच. नाव नाही, वेळ नाही, डिग्री नाही. माझं दुकान औषधांचं. सात रस्ता चौकातून आत वळणाऱ्या गल्लीत, कोपऱ्यालाच. निम्मं आयुष्य मी काउंटरमागे उभा राहून गोळ्या विकण्यात घालवलंय, त्यामुळे ती पाटी वाचून मला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

त्याला सगळे वायरमन म्हणायचे. मूळचा उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावचा. नोकरीभर विजेच्या खांबावर चढला, निवृत्त झाला. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी सासरी. उंच, वाळलेला, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. हा टेस्टर तो येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगठ्याला लावायचा. दिवा अर्थातच लागायचा नाही. मग गंभीरपणे मान हलवून म्हणायचा, "करंट आतल्या आत अडकलाय. भाइर यायला वाट न्हाय त्येला."

मी एकदा विचारलं, "आणि दिवा लागला तर?"

"लागला तर मानूस मरंल की, मालक!"

चेहऱ्यावर हसू नाही. तो चेष्टा करतोय की खरंच तसं मानतोय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याचे नियम होते. मोबाइल आणि घड्याळ जिन्यातच, एका प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवायचं. "रेंजनं लाइन तुटती." माणसानं चटईवर पालथं पडायचं. हा स्वतः अनवाणी, ओल्या पोत्यावर उभा राहून आधी दोन मिनिटं डोळे मिटायचा. ती त्याची अर्थिंग. मग कोमट करडीचं तेल, त्यात कापूर. पाठ, खांदे, मान, पाय. चोळून झालं की शेवटी दोन्ही तळवे पाठीवर नुसते ठेवून तो गप्प बसायचा. ती ऊर्जा. बायका आल्या तर तेल नाही, चोळणं नाही, दार सताड उघडं ठेवून फक्त खांद्यावर तळवे. प्रत्येक माणसानंतर मिठाच्या पाण्यात हात बुडवायचा आणि ते पाणी खाली येऊन गल्लीतल्या लिंबाच्या मुळाशी ओतायचा. लिंब वाळला. वायरमन म्हणाला, सगळ्या गल्लीचं दुखणं झाडानं घेतलं. मी म्हणालो, रोज मिठाचं पाणी घातल्यावर दुसरं काय होणार?

"तुमी शिकल्यालं हाय," तो म्हणाला. "तुमाला तसं दिसनार."

त्याच्या खांबावरून पडण्याची गोष्ट मी तीन वेळा ऐकली, आणि तिन्ही वेळा वेगळी. एकदा पाऊस होता, एकदा माकडानं तार हलवली, एकदा भर उन्हात चक्कर आली. शेवट मात्र ठरलेला. शॉक लागला, खाली पडला, वाचला, आणि तेव्हापासून हातात करंट आहे. कहाणी बदलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

खरा संशय वेगळाच होता. चोळून झाल्यावर तो प्रत्येकाच्या जिभेवर एक चिमूट पूड ठेवायचा. आमच्या धंद्यात असल्या पुड्यांचा अनुभव आहे. सांधेदुखीवर रामबाण म्हणून कुणीतरी पूड देतो, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, आणि सहा महिन्यांनी तोंड सुजून गोल झालं की कळतं, पुडीत स्टेरॉइड होतं. वायरमनकडे वाकून गेलेली माणसं ताठ होऊन जिना उतरत होती. मला खात्रीच पटली.

म्हणून एका दुपारी कंबर दुखतेय असं सांगून मी वर गेलो. बेत साधा होता. पूड गिळायची नाही, गालात धरायची, आणि खाली येऊन कागदात काढायची. टोपलीत मोबाइल ठेवला, अंगठ्याला टेस्टर लावून घेतला, पालथा पडलो. त्याचे हात खरखरीत होते, लाकडाच्या फळीसारखे रुंद. मानेपासून त्यानं सुरुवात केली. पंखा कुरकुरत होता. खाली गल्लीत कोणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. एवढं मला आठवतं.

"मालक, उटा. चाळीस मिंटं झाली."

मी घोरत होतो. चटईवर लाळ गळली होती. त्यानं पूड जिभेवर ठेवली, आणि हेरगिरीचं सगळं विसरून मी ती गिळून टाकली. अर्धा जिना उतरल्यावर लक्षात आलं. परत वर जाऊन म्हणालो, "घरी न्यायला थोडी द्या." त्यानं कागदात बांधून दिली, वर तेलही एका बाटलीत ओतून दिलं. काही विचारलं नाही.

माझा एक मित्र कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याच्याकडे दोन्ही दिलं. आठवड्यानं त्याचा फोन आला. "पुडीत ओवा, सुंठ, काळं मीठ. तेलात कापूर. भाकरीबरोबर खाल्लंस तरी चालेल."

"नीट पाहिलंस का?"

"दोनदा पाहिलं. तुला नेमकं काय निघायला हवं होतं?"

निदान काहीतरी निघायला हवं होतं, एवढं खरं. त्या दुपारी मी किती महिन्यांनी तसा झोपलो होतो, हे मी मित्राला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. माणसाला अर्धा तास मोबाइलपासून तोडून पंख्याखाली पालथं पाडलं तर कोणीही झोपेल, त्यात ऊर्जा कसली, असं मी स्वतःला समजावलं. आजही माझं मत तेच आहे.

मग त्या मागवाल्याचं झालं.

चादरीच्या कारखान्यात मागावर उभा राहून काम करणारा पन्नाशीचा माणूस. घरी तेलुगू बोलणारा, आमच्याशी अडखळत मराठी. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या माझ्याकडूनच न्यायचा. वायरमनकडे तो पायांसाठी जाऊ लागला. एकदा काउंटरशी उभा राहून सांगत होता, "चप्पल पायातनं निघून जातंय मालक, मला कळतच नाही. पण वायरमनमामा हात लावला की मुंगी येतंय. छान वाटतंय."

वायरमन शेजारीच उभा होता. अभिमानानं म्हणाला, "मुंग्या म्हंजी करंट परत चालू झालाय. तळव्यापातूर आला की काम फत्ते."

मी काय केलं? मी हसलो. पायातून चप्पल सुटल्याचं ज्याला कळत नाही, त्याच्या पायाच्या नसा साखरेनं मारल्या आहेत, हे मला माहीत होतं. पुढच्या महिन्यात तो गोळ्या न्यायला आला नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं. मामानं बरं केलं, आता गोळ्या कशाला, असं त्याला वाटलं असणार. मी मनात म्हणालो, भोगेल आपल्या कर्माची फळं. त्याला हाक मारून थांबवावं, असं काही मी केलं नाही.

त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली खिळा लागला होता. त्याला कळलं नाही. तेल चोळणाऱ्याला दिसलं नाही, कारण वायरमन पालथ्या माणसाच्या तळव्यांकडे बघायचा नाही, डोळे मिटून चोळायचा. जखम आतून सडली. ताप आला तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं.

मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आतून थोडा आनंदही झाला होता. शेवटी पकडला गेला. मी वाटच बघत होतो. वायरमन स्वतःच दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभा राहिला.

"मालक, साखरंच्या मानसाला मुंग्या येत्यात, म्हंजी काय वो?"

मी सगळं सांगितलं. जरा जास्तच कडक शब्दांत सांगितलं. नसा मरताना मुंग्या येतात. मग काहीच कळेनासं होतं. अशा पायाला गरम तेल लावणं धोक्याचं, आणि त्याचे तळवे रोज बघावे लागतात.

ऐकून तो म्हणाला, "म्हंजी तार जळत हुती. अन् मी त्येला सांगत हुतो, करंट आलाय."

"हो."

"तुमाला ठावं हुतं व्हय हे?"

त्यानं आरोप केला नाही. नुसतं विचारलं. मी औषधांच्या खोक्यावरची धूळ पुसायला लागलो.

त्यानं पाटी काढली. खोली बंद. मला वाटलं, पळाला. पण तो रोज सकाळी त्या मागवाल्याच्या घरी जातो, असं कळलं. मलमपट्टी करायला नर्स येते, हा शेजारी बसून त्याचा दुसरा, धड असलेला पाय कोमट पाण्यानं धुतो, पुसतो आणि बॅटरी लावून बोटांच्या बेचक्यांत बघतो. हे लोकांना दाखवायला चाललंय, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "लोक कुठं बघायला जातात तिथं?" मागवाल्याची बायको गोळ्या न्यायला आली तेव्हा तिनंही तो रोज येतो असंच सांगितलं. आधी तिनं त्याला दारातून हाकललं होतं. चार दिवस तो दाराबाहेर बसून राहिला. पाचव्या दिवशी तिनं आत घेतलं.

महिन्याभरानं पाटी परत लागली. खाली एक ओळ वाढली होती. "आधी डॉक्टर. मग इथं." आता तो येणाऱ्याला टेस्टर लावायच्या आधी डॉक्टरचा कागद मागायचा. कागदावर काय आहे ते त्याला वाचता यायचं नाही (पाटीही रंगाऱ्याकडून लिहून घेतलेली), मग तो माझ्याकडे पाठवायचा. "ह्ये बगून सांगा मालक, चोळू का नको." म्हणजे जिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्या ऊर्जेला परवानगी देण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी बहुतेकांना नको म्हणायचो. तो मान हलवायचा आणि त्या माणसाला परत पाठवायचा. एकदाही वाद घातला नाही.

तरी त्याच्यावरचा माझा डोळा हलला नाही. आणि मग एके दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो, तर अण्णांच्या खुंटीवरच्या सदऱ्याला कापराचा वास आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून ते घरात असून नसल्यासारखे झाले होते. जेवायला या म्हटलं की यायचे, पेपर वाचायचे, अकराला झोपेची गोळी घ्यायचे. खांदा धरला होता, हात वर जायचा नाही, पण तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्या गोळ्या मीच आणून द्यायचो, कपाटातल्या डब्यात ठेवायचो, आणि मुलगा म्हणून आपलं काम चोख होतंय असं समजायचो.

वास आला तसा मी डबा उघडला. झोपेच्या गोळ्यांना हात लागलेला नव्हता. ते एक वेळ ठीक. पण रक्तदाबाच्या गोळ्याही तशाच होत्या. दोन पाकिटं, न फोडलेली.

अण्णा घरात नव्हते; माझ्या जेवणाच्या वेळीच ते वर जात असणार. मी परत येऊन दुकानाकडे न बघता जिना चढलो. दार लोटलेलं होतं. आज याला पोलिसांत देतो, असं ठरवूनच मी दार ढकललं.

अण्णा चटईवर पालथे पडले होते, उघड्या अंगानं. वायरमन ओल्या पोत्यावर नव्हता. तो त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला होता, एक तळवा त्यांच्या पाठीवर, एक दुखऱ्या खांद्यावर. आणि अण्णा रडत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

वायरमननं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, थांबा म्हणून. मी थांबलो नाही.

"गोळ्या बंद करायला तुम्ही सांगितलंत यांना?"

"कसल्या गोळ्या?"

"रक्तदाबाच्या. एकही घेतलेली नाही. मागवाल्याचं झालं ते पुरलं नाही का तुम्हाला?"

त्याचा हात एकदम मागे आला. तो अण्णांकडे वळला. "गुर्जी, गोळ्या सोडल्या व्हय तुमी?"

अण्णा उठून बसले. सदरा ओढून घेतला. "झोप लागायला लागली. बरं वाटत होतं. म्हटलं, कशाला."

"मी इचारलं हुतं तुमाला! कागुद तुमच्याकडनंच वाचून घेतला, गोळ्या चालू हायत का म्हनून इचारलं. तुमी हो म्हनला!" त्याचा आवाज चढला होता. इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "पोरांस्नी गनित शिकिवलं तुमी, अन् माज्याम्होरं खोटं बोलता? उद्यापासनं माज्या डोळ्याम्होरं गोळी गिळायची. न्हायतर ह्या चटईवर पाय ठिवायचा न्हाय!"

अण्णा, ज्यांच्यापुढे अख्खं हायस्कूल थरथरायचं, खाली मान घालून बसले.

घरी येताना मी त्यांना विचारलं. चिडूनच विचारलं. "चांगला हाडांचा डॉक्टर दाखवू म्हटलं तर नको म्हणता. आणि या माणसाकडे काय आहे एवढं?"

अण्णा म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मला कोणी हात लावलेला नाही. केस कापणारा सोडून."

आम्ही रस्ता ओलांडला. मी त्यांचा दंड धरला, गर्दी होती म्हणून. पलीकडे गेल्यावर सोडून दिला.

अण्णा पुढेही जात राहिले. सकाळी गोळी खिशात घालून न्यायचे आणि वर जाऊन वायरमनच्या समोर गिळायचे. डॉक्टरनं रक्तदाब मोजला, ठीक आहे म्हणाला. खांदा मी हाडांच्या डॉक्टरलाही दाखवला. त्यानं व्यायाम दिला. व्यायामानं की तेलानं देव जाणे, दोन-तीन महिन्यांत हात वर जायला लागला. श्रेय व्यायामाला, असं मी म्हणायचो. ऊर्जेचं अण्णांनाही खरं वाटत होतं असं नाही. "ते टेस्टरचं सगळं थोतांड आहे," असं एकदा मलाच म्हणाले. "पण तो हात उचलायची घाई करत नाही."

वायरमनचा उजवा हात थरथरतोय, हे आधी अण्णांच्याच लक्षात आलं. पाठीवर ठेवलेला तळवा आपोआप हलतो, म्हणाले. मी खालून बघू लागलो. जिना उतरताना त्याचा हात चाळा केल्यासारखा हलायचा. पाऊल छोटं पडायचं. कठड्याला धरून वळायचा. दुकानात बसून इतकी माणसं पाहिली आहेत, हा कंपवात, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. मी त्याला हाक मारून थांबवलं.

"मामा, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा."

"करंट जास्त झालाय हातात."

"करंट नाही. आजार आहे. दाखवा."

तो स्वतःच्या पाटीकडे बोट करून म्हणाला, "आधी डॉक्टर. बराबर हाय." आणि खरंच गेला.

चिठ्ठी घेऊन तो परत आला, तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. दुकानात कोणी नव्हतं. मी गोळ्या काढल्या, कोणती केव्हा घ्यायची ते पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दाखवलं, कारण वेळ लिहिली तर त्याला वाचता आली नसती. तो म्हणाला, मुलीकडे चाललोय श्रीपूरला. जावई साखर कारखान्यात आहे. खोली सोडली. आता हात स्थिर राहत नाही, असल्या हातानं लोकांना हात लावणं बरं नाही.

मी म्हणालो, "तिथल्या डॉक्टरला कागद दाखवा. गोळी एकदम बंद करू नका."

"न्हाय करत."

गोळ्या पिशवीत घातल्या, तरी तो जाईना. आतल्या स्टुलाकडे बघत उभा होता.

"मालक, एक काम हुतं. तुमाला आवडनार न्हाय."

"बोला की."

"जरा खांदं दाबता का? खांबावरनं पडलो तवा दवाखान्यात एका आयाबाईनं माजं तळवं चोळलं हुतं. लई बरं वाटलं हुतं. त्येच्यानंतर आपल्या अंगाला कुनी असा हातच लावला न्हाय. समद्यांचं मीच करत आलो."

मला अवघडल्यासारखं झालं. रस्त्यावरून माणसं येत-जात होती. पण मी काउंटरचा अर्धा दरवाजा उघडला आणि त्याला आत घेऊन स्टुलावर बसवलं. मागे उभा राहून त्याचे खांदे धरले. हाडंच होती नुसती. मी अंगठ्यानं दाबायला लागलो.

"अंगठा नगं," तो म्हणाला. "आख्खा तळवा ठिवा. अन् जरा थांबा तसंच."

मी तळवे ठेवले. हातात काही आलं नाही. करंट नाही, ऊर्जा नाही, काही नाही. एका म्हाताऱ्याचं गरम अंग, सदऱ्याखाली वरखाली होणारा श्वास. मांडीवर त्याचा उजवा हात थरथरत होता आणि थरथरतच राहिला. मी मुद्दाम बघत होतो, थांबतो का म्हणून. थांबला नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "कंबरेसाठी गोळी द्या एक."

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो.

"एक गोळी तर काढून द्यायचीय."

"थांबा म्हटलं ना."

त्यानं वाकून आत पाहिलं. मला वाटलं, हसेल. पण तो काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिला, आणि वायरमनची मान झोपेनं हळूहळू खाली येत गेली, तरी मी हात तिथंच ठेवले.